मेलेल्याच्या जागेवर बसणारा माणूस

सर, राहुलचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. "ताई, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "बॉडी कुणी पाहिली?" मग तुमचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मी पाहिली, ताई." बाप जाऊन तास झाला नसेल आणि मी त्या पोराचा जबाब घेत होते. तुम्ही असता तर चष्मा वर सरकवत म्हणाला असता, मॅडम, प्रश्न बरोबर आहे, वेळ चुकली.

वेळ चुकलीच. पण सवय कुणी लावली? उल्हासनगरच्या त्या कापडदुकानावरच्या कचेरीत मी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, संगणकासमोर बसून काहीतरी जुळवाजुळव करायची असेल. कार्डावर 'फ्रॉड ॲनालिस्ट' असं छापलेलं होतं. माझ्या सासूबाई अंबरनाथमध्ये ओळखीच्या प्रत्येकीला सांगायच्या की आमची सून फ्रॉडमध्ये आहे, आणि ऐकणाऱ्या बायका चपापायच्या. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात आणि सांगितलंत की ही सगळी मेलेली माणसं आहेत, यातली खरोखरची मेलेली कोण ते आपण शोधायचं. ज्या मृत्यूंवर विश्वास ठेवायला विमा कंपन्या कचरायच्या, ते मृत्यू आपल्याकडे यायचे.

अर्धं काम टेबलावरचं होतं. एकच डॉक्टर इतके दाखले कसे देतो, पॉलिसी काढल्यावर माणूस इतक्या लवकर कसा जातो, बदलापूरच्या मयताला आणि शहाडच्या मयताला साक्षीदार एकच कसा. हे मला पटकन जमलं. उरलेलं अर्धं काम पायी होतं, आणि ते जमायला वर्ष गेलं. कुणाच्या तरी घरी, सुतकातच, बॅग घेऊन जायचं. आपण दारात चपला काढायला लागलो की आतलं रडणं थांबायचं. ती एकाएकी पडलेली शांतता मला अजून आठवते. भर दुपारी, रस्त्यावर भाजीवाला ओरडत असताना, त्या एका घरात कुणी श्वास सोडत नाही असं वाटायचं. अशा घरून मी माहेरी गेले की माझी आई मला उंबऱ्याबाहेर उभी करून पायांवर पाणी ओतायला लावायची आणि मगच आत घ्यायची. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. भूतबित काही नसतं मॅडम, म्हणालात, पण मेलेला माणूस घरात जागा अडवून बसतो, हे मात्र खरं.

ते नुसतं बोलणं नव्हतं, ती तुमची पद्धत होती. प्रत्येक घरात माणसाची एक जागा ठरलेली असते. कुणाची खिडकीशी, कुणाची कॉटच्या टोकाला, कुणाची दाराजवळच्या खुर्चीत. तुम्ही आत शिरलात की बोलण्याआधी एक नजर फिरवायचा. दाटीवाटीने बसलेल्या माणसांत जी जागा रिकामी असेल, नेमके तिथे जाऊन बसायचा. मग थांबायचं. खरं मरण असेल त्या घरात कुणीतरी दचकतंच. एखादी मुलगी म्हणते, काका, तिथं नको, इकडे बसा. एखादी बाई तोंडाने काही बोलत नाही, पण तिचा पदर तोंडाशी जातो. बनाव असेल तर कुणाला काहीच वाटत नाही, कारण जागा कुणाची गेलेलीच नसते. मला हे पाहताना अंगावर काटा यायचा. तुम्ही मात्र मेलेल्याच्या जागेवर मांडी घालून पाणी मागायचा.

ही पद्धत तुम्हाला इतकी पटली ती उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या त्या घरामुळे, हे मला ठाऊक आहे, कारण मी तुमच्याबरोबर होते. आपण नाव विचारलं आणि दार उघडणारा गृहस्थ खाली मान घालून म्हणाला, "वो तो गुजर गए." त्याच्या मागे भिंतीवर मयताचा फोटो, त्याला चंदनाचा हार. फोटोतल्या माणसाच्या गालावर चामखीळ होती, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गालावरही तीच. तुम्ही चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाहीत. आत गेलात, फोटोखालच्या गादीवर बसलात, आणि त्या मेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने तुमच्या पाठीशी लोड सरकवला. मला भीती वाटली ती त्याच्या डोळ्यांची. बोलता बोलता ते भरून आले होते. स्वतःच्या जाण्याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. खाली आल्यावर आपण रसाच्या गाडीपाशी उभे राहिलो आणि मला हसू आवरेना, मग एकाएकी थंडी वाजायला लागली. तुम्ही मुकाट्याने माझ्या हातातला ग्लास काढून घेतलात आणि मला सावलीत बसवलंत.

तुमचे उपकार सांगत बसले तर तुम्हाला आवडणार नाही, पण एक सांगते. माझे वडील, आमचे दादा, गेले तेव्हा तुम्ही आमच्या घरी आलात. खोली माणसांनी भरलेली, आणि खिडकीजवळची दादांची आरामखुर्ची तेवढी रिकामी. माझा भाऊ तुम्हाला बसा बसा म्हणत होता. तुम्ही बसला नाहीत. बॅग हातात धरून, भिंतीला टेकून, सगळा वेळ उभे राहिलात. जाताना माझ्याकडे बघितलंत आणि मला कळलं की तुम्हाला त्या खुर्चीचं सगळं कळतं. इतरांच्या घरी तुम्ही जे करता त्याने काय होत असेल, हेही तुम्हाला कळतं. त्या दिवशी तुम्ही तिथे बसला असता तर मी ओरडले असते, सर. बसला नाहीत, हे मी कधी विसरणार नाही.

आणि तरीही जांभूळ गावच्या त्या घरात तुम्ही बसलात.

मोठ्या पुराच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. त्या वर्षी आपल्याकडे मरणांचा नुसता खच पडला होता, खऱ्यांचाही आणि खोट्यांचाही. जांभूळचा दत्ता पाण्याच्या टाक्यांकडे कंत्राटी कामाला जायचा. पूर आला त्या दिवशी घरी परतलाच नाही. पाणी ओसरल्यावर नदीच्या काठाने खूप खाली एक प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. त्याच्या बायकोने, सुगंधाने, पँटच्या शिवणीवरून ओळख पटवली. पोलिसांचं समाधान झालं, गावाचं झालं, कंपनीचं झालं नाही, कारण पॉलिसी त्याच वर्षी काढलेली होती. म्हणून बदलापूरला उतरून आपण दोघं रिक्षाने जांभूळला गेलो.

घर लहान होतं, सारवलेलं. सुगंधा आणि तिची सासू, दोघीच. ओटीवर एक खाट होती आणि दोघी जमिनीवर बसल्या होत्या. तुम्ही खाटेवर बसलात. मी सुगंधाकडे बघत होते, ती तुमच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर काही म्हणजे काही उमटलं नाही. म्हातारी उठली. मला वाटलं, आता ती तुम्हाला उठवणार. तिने कोपऱ्यातली गोधडी आणली, घडी केली आणि तुमच्या पाठीशी लावली. मग तिथेच खाटेला टेकून खाली बसली, तुमच्या पायांजवळ. तुम्ही माझ्याकडे एक कटाक्ष टाकलात. कॅम्प एकचा लोड तुम्हाला आठवला होता, तो मलाही आठवला. पण मला म्हातारीचा चेहरा दिसत होता, आणि तुम्हाला तो तुमच्या जागेवरून दिसत नव्हता.

परतताना रिक्षात आपली जुंपली. मी म्हणाले, ती बाई खोटं बोलत नव्हती. तुम्ही म्हणालात, ती बोललीच कुठे? मी शिवणीचं काढलं, तुम्ही पॉलिसीचं काढलंत. रिक्षावाला आरशातून बघायला लागला तेव्हा आपण गप्प झालो. स्टेशनाजवळ उतरल्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "तो माणूस जिवंत आहे, मॅडम. मला त्या घरात मरण लागलं नाही." आपला अहवाल तुमच्या शब्दावर जायचा. मी माझं वेगळं मत लिहून दिलं, तुम्ही ते अडवलं नाहीत, पण ज्येष्ठ तुम्ही होता. दत्ताचा मृत्यू संशयास्पद ठरला आणि लटकून पडला.

आपल्या धंद्यात गोष्ट इथे संपते. पुढचा गठ्ठा येतो. पण जांभूळमध्ये ती इथून सुरू झाली. कंपनीची माणसं म्हणतात दत्ता जिवंत आहे, ही बातमी गावभर झाली आणि दत्ता दिसायला लागला. कुणाला तो खरवईच्या नव्या इमारतींवर बांधकामाला दिसला. कुणाला उल्हासनगरच्या बाजारात गाठोडं घेऊन जाताना पाठमोरा दिसला, हाक मारली तर वळला नाही. कुणी म्हणालं, तो नदीकाठी उभा होता आणि कपडे ओले होते. हे सगळं सुगंधाच्या दिराने मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज हळू होत गेला, जणू कुणी ऐकेल. म्हातारी संध्याकाळी दत्ताचं ताट वाढून ठेवायला लागली. जाळलेल्या माणसाचं ताट. आणि ते प्रेत मग कुणाचं होतं, हा प्रश्न घरात शिरला. आपण कोणाला तरी परक्यालाच अग्नी दिला का, या विचाराने दीर झोपेना.

मग एका दुपारी सुगंधा आपल्या कचेरीत आली. तुम्हाला आठवतं ना? विसरणं शक्य नाही. जिना चढून आली, दारात उभी राहिली, आणि तिच्या कपाळावर कुंकू होतं. गावातल्या मोठ्यांनी तिला सांगितलं होतं की तो जिवंत आहे तर तुला पांढरं कपाळ ठेवता येणार नाही, अपशकुन आहे. मला वाटलं, ही भांडायला आली. तिने कंपनीचं नावही काढलं नाही. तुमच्यासमोर हात जोडून म्हणाली, "सायब, तुमास्नी तो कुठं दिसला तेवढं सांगा. मी रागावनार नाय त्याला. येऊ दे म्हनावं."

तुम्ही पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवलात आणि खिडकीबाहेर बघत राहिलात. ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, बघा मॅडम, कुंकू लावलंय तिने, विधवा कुंकू लावते का? तेव्हा माझा तोल सुटला. मी म्हणाले, ते कुंकू तुम्ही लावलंय, सर. तिने नवरा जाळला आणि तुम्ही तो उकरून तिच्या दारात उभा केलात. तुमचा चेहरा पडला, पण हट्ट तुमचा तसाच. आपण जांभूळबद्दल बोललो ते शेवटचं. त्यानंतर डब्यातली भाजी वाटून खाल्ली, राहुलच्या परीक्षा, माझ्या मुलीचे दात, सगळं बोललो. जांभूळ तेवढं आपल्या दोघांच्या मध्ये ठेवून दिलं होतं, आणि दोघंही त्याला वळसा घालून जायचो.

तुमचं मरण अगदी साधं निघालं. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. अंबरनाथला तुमच्या घरी मी पोचले तेव्हा पांढऱ्या कपड्यातली माणसं जमली होती, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, कुणीतरी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली होती. मी तुमच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि तुमच्या छातीकडे बघत राहिले. हलते का ते. चादरीची घडी हलली असं मला वाटलं. पंख्याच्या वाऱ्याने हलली असणार, पण मी तिथून हलेना. डाव्या हाताच्या बोटावरचा तो जुना भाजल्याचा डाग बघितला, कानामागचा तीळ बघितला. माझ्या शेजारच्या बाईंना वाटलं मी शोक करतेय. मी तुमची ओळख पटवत होते. आणि ओळख पटली तरी विश्वास बसेना. स्मशानातही मी लाकडांकडे बघत उभी राहिले, सगळे परतल्यावरही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मरणाचा पुरावा डोळ्यांनी मिळाला होता आणि मीच तो मान्य करत नव्हते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या घरी पुन्हा गेले. विधी झाला, जेवणं झाली, पांगापांग झाली. गॅलरीच्या दाराशी तुमची वेताची खुर्ची होती, पेपर वाचायची. मी तिच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होते, तुम्ही आमच्याकडे उभे होता तशी. शोभावहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, "तिथं बस की गं." मी नको म्हणाले. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला तिथे बसवलं. राहुल समोरच होता. दोघांपैकी कुणी दचकलं नाही. कुणाचा पदर तोंडाशी गेला नाही. उलट वहिनींनी उशी आणून माझ्या पाठीशी दिली, आणि माझ्या पायांजवळ फरशीवर बसल्या, खुर्चीला डोकं टेकून.

सर, मी चहाचा कप खाली ठेवला.

वहिनी म्हणाल्या की खुर्ची रिकामी बघवत नाही. कुणी बसलं की तेवढा वेळ बरं वाटतं. सकाळी दूधवाला आला होता, त्यालासुद्धा त्यांनी दोन मिनिटं बसवून घेतलं. मला जांभूळची म्हातारी दिसली, गोधडीची घडी दिसली, तिचा खाटेला टेकलेला चेहरा दिसला. तो चेहरा मी तेव्हा तुम्हाला नीट सांगू शकले नव्हते, कारण मला स्वतःलाच त्याचं नाव माहीत नव्हतं. ती म्हातारी तुमच्याकडे बघत नव्हती. खाट भरलेली आहे, एवढंच ती बघत होती. तुमच्याच घराने तुमची पद्धत खोटी पाडली, आणि हे सांगायला मी वळले तर तुम्ही नव्हता. तुमच्याच खुर्चीत मी बसले होते.

उठता उठता वहिनींनी सहज विचारलं की आता रविवारचं काम तू एकटीच करणार का. मी विचारलं, कुठलं रविवारचं? त्या म्हणाल्या, तुम्ही दोघं दर रविवारी कुणाला तरी शोधायला जायचात ना. हे म्हणायचे, जिवंत आहे, सापडला की पेढे आणीन. मी हो म्हणाले. आपल्याला रविवारी कधीच काम नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. पायऱ्या उतरताना मात्र मी मध्येच थांबले. इतके रविवार माझं नाव सांगून तुम्ही कुठे जात होता?

कचेरीत मी जांभूळचं प्रकरण पुन्हा काढलं. वरिष्ठांना सांगितलं की माझं तेव्हाचं मत आजही तेच आहे आणि त्याला आता जास्त आधार आहे. पोलिसांकडच्या फोटोतली शिवण शिंप्याला दाखवली, ती हाताची, घरचीच निघाली, प्रेत उचलणाऱ्यांना भेटले, जे आपण तेव्हाच करायला हवं होतं. नवा अहवाल गेला, आणि यावेळी त्यावर तुमचा शब्द नव्हता. कंपनी काय करायचं ते करील. पण कागद गेल्याने ते घर सुटणार नव्हतं. कुणीतरी तिथे जाऊन तोंडाने सांगायला हवं होतं की दत्ता मेला आहे. एकदा मेलेल्या माणसाला पुन्हा मारायला जायचं, आणि तेही जिला आपण आशा लावली तिच्यासमोर. मी बदलापूरला उतरले तेव्हा दोनदा परत फिरावंसं वाटलं.

म्हातारी ओटीवर होती. मला बघून ती माझ्या मागे बघायला लागली, रिक्षाच्या दिशेने. मग म्हणाली, "सायब नाय आलं आज? लई रविवार झालं."

मी खालीच बसले. सुगंधा बाहेर आली, तिने सगळं सांगितलं. तुम्ही दर रविवारी यायचा. खाटेवर बसायचा, चहा घ्यायचा, आणि विचारायचा, आला का? नाही म्हटलं की मान हलवायचा. मग सांगायचा की या आठवड्यात कॅम्प एकच्या बाजारात पाहिलं, खरवईला बांधकामावर विचारलं, पुढच्या रविवारी दुसरीकडे बघतो. एकदा तुम्ही कुणा अनोळखी माणसाच्या मागे अर्धा बाजार चाललात, तो चालायला दत्तासारखा होता म्हणून. दत्ता कसा चालायचा, हे तुम्ही म्हातारीला उठून चालून दाखवायला लावलं होतं. तिने तेही मला सांगितलं. सर, मला तुमचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द बोलून माघार घेणं तुम्हाला जमलं नाही. त्याऐवजी मेलेल्या माणसाला जिवंत शोधून आणायला निघालात. तो सापडला असता तर तुम्ही बरोबर ठरला असता आणि तिला नवरा मिळाला असता, दोन्ही एकदम. तुमच्यासारख्या माणसानेच असा हिशेब घालावा. आणि रागाच्या खालोखाल जे वाटत होतं, ते मी तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं. मीही तुम्हाला चुकीचं ओळखलं होतं; मला वाटलं होतं, तुम्हाला तिचं काहीच वाटलं नाही.

मी सुगंधाला सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं, तुम्ही शिकवलं तसं, नाव घेऊन. दत्ता पुरात गेला. तू ओळखलास तो दत्ताच होता. आमचं चुकलं.

तिने खाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "ती शिवन मीच घातली व्हती. पन सायब दर रविवारी येत व्हते. एवढा मानूस उगाच येईल का, आसं वाटायचं." एवढं बोलून ती आत गेली. आत पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कपाळ पुसलेलं होतं, कडांना थोडं लाल राहिलं होतं. ती माझ्याशेजारी बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, पोटातून, शेजारच्या बायका येतील असं. पुराच्या वेळचं अडलेलं रडणं होतं ते. मी तिचा हात धरून ठेवला.

म्हातारी खाटेच्या काठाला धरून ऐकत होती. तिला दत्ताचं कळलं की नाही, मला कळेना. ती पुन्हा तेच विचारत होती, सायब का नाय आलं. शेवटी मी म्हणाले, "आजी, साहेब वारले."

तिने ते नीट ऐकून घेतलं. मान हलवली, तुम्ही हलवायचा तशी. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, वाईटही नाही. उन्हात पडलेल्या वाटेकडे बघत ती म्हणाली, "हितं कुठं गावला नाय दत्ता त्यास्नी. म्हनून तिकडं हुडकायला गेलं आसतील."

भर दुपारचं ऊन होतं आणि माझ्या हातावरचे केस उभे राहिले.

सर, तुमचा कशावर विश्वास नव्हता, आणि माझाही फारसा नाही. पण बदलापूरला परतताना रिक्षात मी तुमच्यासाठी शेजारी जागा सोडून बसले होते. एवढं एकच काम सांगते. तिथे तो भेटला, आणि तुम्हाला त्याची चाल ठाऊक आहे तेव्हा तुम्ही ओळखालच, तर त्याला आणू नका. त्याला म्हणावं, घरी आता कुणी वाट बघत नाही, तू सुखाने जा.